पाचवी सवाष्ण

शालूआक्कांनी एकेक बोट मिटत चार बायका मोजल्या आणि करंगळीपाशी येऊन थांबल्या.

"मी एक, बाळाबाई दोन, समोरच्या मीनाबाई तीन, तुझी जाऊ चार. पाचवी कोण?"

"वहिनी की," मी म्हटलं.

शालूआक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. राहायला बिद्रीला. आमच्या घरात कुठलंही कार्य निघालं की त्या आठ दिवस आधी येतात आणि घराचा ताबा घेतात. आवाज असा की राजारामपुरीच्या सातव्या गल्लीत बोलल्या तर आठव्या गल्लीतल्या बायका ओ देतात. त्या दिवशी मात्र त्यांनी मला हाताला धरून धान्याच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणला. तेव्हाच मला कळलं की आता काय निघणार आहे.

चौऱ्याऐंशी सालचा वैशाख. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मुलीची, पद्मजाची हळद होती. आमच्याकडे हळद कांडायला पाच सवाष्णी लागतात. उखळात हळकुंडं टाकायची, मुसळाला आंब्याची पानं बांधायची आणि पाचजणींनी मिळून एकच मुसळ धरून पहिले पाच घाव घालायचे. त्यानंतर गिरणीतून दळून आणलेली हळद वापरली तरी कोणी विचारत नाही. पण ते पाच घाव आणि त्या पाचजणी यांत कोणी तडजोड करत नाही. पाचहीजणींचे नवरे हयात हवेत, आणि नवरीच्या आईला त्यांत धरत नाहीत.

आक्का म्हणाल्या, शेवंताबाईंसारखी, म्हणजे आमच्या वहिनीसारखी, बाई शोधून सापडायची नाही, पद्मजाला त्यांनीच वाढवलं हेही मान्य, पण पाहुणे कागलचे, जुन्या वळणाचे. उद्या कोणी काही बोललं तर ते पोरीला ऐकावं लागणार. हे सगळं त्यांनी बरंच लांबवून सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "मला त्यांच्याबद्दल काय म्हणायचं न्हाय गं. पण त्यांच्या कपाळाचं एकदा काय ते ठरवा की तुम्ही."

माझं डोकंच फिरलं. मी प्राथमिक शाळेतली मास्तरीण. पन्नास पोरांच्या वर्गातही माझा आवाज चढत नाही, पण तेव्हा चढला. मी म्हटलं, "माझा भाऊ मेला म्हणून सांगाय अजून कोण आलेलं न्हाय, आक्का. पाचवी वहिनीच." दार उघडून बाहेर आले तर वहिनी सोप्यात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. तिनं सगळं ऐकलंय हे मला कळलं आणि तरीही मी तशीच पुढे गेले.

माझा भाऊ नृसिंह. मी त्याला दादा म्हणायची, तालमीतले दोस्त नरसू म्हणायचे. उद्यमनगरात एका कारखान्यात तो ऑइल इंजिनं जोडायचा आणि उरलेला वेळ तालमीत घालवायचा. आमचं माहेर शुक्रवार पेठेत, पंचगंगेपासून हाकेच्या अंतरावर. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, नदीला पूर आला की इतर गावची माणसं नदीपासून लांब जातात, कोल्हापूरची पुलावर जातात. पाणी पुरेसं चढलं की तालमीतली पोरं पुलाच्या कठड्यावर उभी राहतात आणि खाली उड्या टाकतात. मग ओढीतून तिरकं पोहत खालच्या अंगाला काठाला लागतात. वर बघ्यांची ही गर्दी. यात कोणाला बक्षीस मिळत नाही. का करता म्हणून विचारलं तर ज्याला विचाराल तो तुम्हालाच खुळ्यात काढतो.

दादा नऊ वर्षं उड्या मारत होता. पासष्ट सालच्या श्रावणात त्यानं अशीच उडी मारली, नेहमीसारखा काठाला लागला, वर येऊन चहासुद्धा प्याला. मग त्याचा दोस्त सयाजी त्याला म्हणाला, "आनि एक हुं दे की, नरसू." दादा परत कठड्यावर चढला. त्या दुसऱ्या उडीनंतर तो कोणाला दिसला नाही. दोन दिवस तालमीच्या पोरांनी नदी धुंडाळली, पण हाती काही लागलं नाही. दादा सत्तावीस वर्षांचा होता. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. वहिनी जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची.

आईनं भिंतीकडे तोंड करून अंथरूण धरलं. अन्नाला शिवेना. अकराव्या दिवशी शिरोळकडच्या एका गावातून निरोप आला. नदीकाठाला एक प्रेत लागलं होतं, ओळखण्याजोगं राहिलं नव्हतं म्हणून गावानंच अग्नी दिला, अंगावरचं कापड तेवढं पोलीस पाटलांनी ठेवलंय, कोणीतरी येऊन बघून जा. आईला उठवत नव्हतं. माझी पद्मजा आठ महिन्यांची, तापानं फणफणलेली. तेव्हा सयाजीला बरोबर घेऊन वहिनीच गेली. संध्याकाळी दोघं परत आली. वहिनीनं दारात पाय धुतले आणि म्हणाली, "आमचं न्हवं ते."

आई उठून बसली. त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. सयाजी तर वहिनीच्या पायावर डोकं ठेवून रडला आणि दुसऱ्या दिवसापासून तोच गावभर सांगत सुटला की नरसू कुठंतरी काठाला लागला असणार, डोक्याला मार बसून भान गेलं असणार, आठवण आली की येतोय बघा घरला. असं होतं म्हणे. पेपरात छापून येतं. मीही ते धरून ठेवलं. मी शिकलेली, पण भाऊ माझा होता.

एकोणीस वर्षं आम्ही असे राहिलो. दादाचं नाव रेशनकार्डावर होतं आणि त्याच्या वाटणीची साखर घरी येत होती. मतदारयादीवाले आले की आई सांगायची, बाहेरगावी गेलाय. एकाहत्तर साली जनगणनेच्या कामाला आम्हा शिक्षकांना जुंपलं, तेव्हा माझ्या वाट्याला नेमकी माहेरची गल्ली आली. आईसमोर पाटावर बसून मी कागद भरायला घेतला. वहिनीच्या नावापुढे विवाहित की विधवा हे लिहायचं होतं. माझं पेन थांबलं. वहिनी दारात उभी राहून पद्मजाची वेणी घालत होती. आई माझ्याकडे बघत होती, वहिनी वेणीकडे. मी 'विवाहित' लिहिलं आणि पुढच्या घरी गेले. एक्याऐंशीला तेच काम दुसऱ्या कोणाकडे होतं. त्यानंही तेच लिहिलं असणार.

वहिनीच्या माहेरची माणसं तिला न्यायला दोनदा आली. तिनं दोन्ही वेळा त्यांना जेवू घातलं आणि सांगितलं, "मी येत न्हाय. मी हितंच ऱ्हातो." आमच्याकडच्या बायका 'राहते' म्हणत नाहीत, 'राहतो' म्हणतात, आणि वहिनीच्या तोंडून ते फार ठाम वाटायचं. पुढं तिनं शाहूपुरीतल्या एका प्रसूतिगृहात आयाची नोकरी धरली. बाळांना अंघोळ घालावी तर तिनंच. दोन दिवसांचं पोर पसरल्या पायांवर पालथं घेऊन ती अशी न्हाऊ घालायची की रडणारं पोर मध्येच जांभई द्यायचं. मी शाळेत जायची म्हणून माझी पद्मजा दिवसभर शुक्रवार पेठेतच असायची. मामीनं भरवल्याशिवाय ती जेवत नसे. मला कधीकधी त्याचा राग यायचा, हेही कबूल करते.

रोज सकाळी वहिनी कुंकू लावायची. त्यात काही मिरवणं नव्हतं, दात घासावेत तसं लावायची. गल्लीतल्या काही बायकांना तिचं कौतुक होतं, काहींना तिची अडचण होती. चैत्रातल्या हळदीकुंकवाला काही घरांत करंडा तिच्यापाशी आला की नेमकी यजमानीणबाईला आतून कोणीतरी हाक मारायचं. वहिनी ओंजळीत हरभरे घेऊन उठायची. घरी आल्यावर आईला सांगायची, हरभरे चांगले भिजले होते.

आणि माझं म्हणाल तर मी माणसांच्या मागच्या बाजूला बघत फिरायची. दादाचा उजवा कान जरा बाहेर आलेला होता. एस. टी. स्टँडवर, जोतिबाच्या यात्रेत, कुठंही गर्दी दिसली की मी कान बघायची. चौऱ्याहत्तर साली एका लग्नाला आम्ही दोघी इचलकरंजीला गेलो होतो. यंत्रमागांच्या गल्लीत पाळी सुटली आणि माणसं बाहेर पडली. त्यांत मला तो कान दिसला. मी वहिनीचा हात सोडून पळाले. अर्धी गल्ली पळाले, त्या माणसाचा शर्ट मागून धरला. त्यानं वळून बघितलं. सुताचे कण केसांवर बसलेला, सोलापूरकडचा कोणी परका माणूस. "काय पायजे, बाई?" म्हणाला. वहिनी मागून आली, तिनं त्याला सांगितलं, "माणूस चुकलंय, पावणं. राग मानू नगासा." मग एका पायरीवर बसवून तिनं मला पाणी पाजलं आणि माझी उलटी झालेली चप्पल नीट करून पायात घातली.

आता नेमकं काय पणाला लागलं होतं ते सांगते. आक्का म्हणत होत्या ते पाहुण्यांचं मला फारसं काही वाटत नव्हतं. वहिनीला पाचांतून वगळायचं म्हणजे ती विधवा आहे असं मी माझ्या घरात, माझ्या तोंडानं म्हणायचं. म्हणजे दादाला मीच मारायचं. आई मागच्या मार्गशीर्षात गेली, शेवटच्या दिवशीही तिनं दाराची कडी लावू दिली नव्हती. सयाजी तिच्या वर्षभर आधी गेला. दादाची वाट बघणारी एकटी मीच उरले होते, आणि मला ते सोडायचं नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मी लवकर न्हाऊन नवं पातळ नेसले होते. मागच्या दारी न्हाणीजवळ वहिनी बंबात लाकडं घालत बसली होती. पाहुण्यांना गरम पाणी लागणार म्हणून ते काम तिनं आपल्याकडे घेतलं होतं. मी हळकुंडांची टोपली घेऊन तिच्यासमोरून चालले तशी ती म्हणाली, "वन्सं, त्या पाचांत माझं नाव घालू नगासा."

मी म्हटलं, आक्कांचं बोलणं मनावर घेऊ नका, त्या बोलतात आणि विसरतात.

"आक्का बरोबर बोलल्या," वहिनी म्हणाली. "मालक न्हाईत. मी बगून आलतो."

मी टोपली खाली ठेवली. काय बघून आलता, म्हणून विचारलं.

तिनं सांगितलं. घाई न करता, बंबाचं दार उघडून मध्येमध्ये निखारे सारत सांगितलं. पाटलांच्या घरी गोठ्यातल्या खुंटीला कागदात बांधलेलं कापड होतं. पाटलीणबाईंनी काढून दाखवलं. निळी चड्डी. निळ्या चड्ड्या तालमीत चाळीसजणांच्या होत्या. पण तिची नाडी उडीच्या आदल्या दिवशी तुटली होती, आणि दुसरी सापडेना म्हणून वहिनीनं आपल्या जुन्या लुगड्याचा लाल काठ फाडून तीत ओवला होता. तो काठ तिच्या हातात आला. सयाजी बाहेर आंब्याखाली बसला होता, त्याचा आत यायचा धीर झाला नव्हता. पाटलांनी विचारलं, तुमचंच का? ती म्हणाली, नव्हं.

"का?" मी विचारलं.

"आईंसाठी म्हटलं तर तुम्हाला बरं वाटंल," वहिनी म्हणाली. "आईंसाठी हुतंच. आमी निगालो तवा त्या मला म्हणाल्या हुत्या, 'त्योच हाय म्हणून सांगाय येऊ नगंस.' पर तेवढंच न्हवं, वन्सं. माझ्यासाठीबी हुतं. मालक गेलं म्हटलं असतं तर चौदाव्या दिशी भावानं गाडी जुपून मला न्हेलं असतं. भावजयांच्या चुलीम्होरं जल्म गेला असता. हितं पद्मी हुती. मला हितं ऱ्हायाचं हुतं."

ती पुढं म्हणाली, "ज्यांच्यासाठी ठिवलंतं ती माणसं सरली. तुम्हाला सांगायाच पायजे हुतं, धीर झाला न्हाय. पर पद्मीच्या हळदीला मी खोट्या कपाळानं हात लावणार न्हाय. उद्या त्या पोरीचं काय कमीजास्त झालं तर मी कुठं बगू?"

मला त्या क्षणी तिची दया आली नाही. लोकांना वाटेल यायला हवी होती. मला इतका राग आला की हातातलं काहीतरी फेकून मारावं. माझी एकोणीस वर्षं हिच्यापाशी होती आणि हिनं मला ती परत दिली नव्हती. मी म्हटलं, "इचलकरंजीत मी त्या माणसामागं पळाले, तवा तुम्ही माझ्यासंगं हुता."

"व्हय."

"तवाबी गप ऱ्हायलासा."

"ऱ्हायलो."

"माझ्या भावाला तुम्ही दोनदा बुडवलासा, वहिनी."

हे मी बोलले. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही ते वाक्य पुसावंसं वाटतं, पण बोलले ते बोलले. वहिनीनं बंबाचं दार बंद केलं, हात पदराला पुसले आणि उठून उभी राहिली, मी जा म्हटलं असतं तर जायच्या तयारीनं.

मी कपडे धुवायच्या दगडावर बसले. पुढच्या दारी मांडवात बायकांचा गलका चालला होता, आक्का कोणाला तरी उखळ उत्तरेला सरकवायला सांगत होत्या. मी मनाशी दिवस मोजत होते. अकराव्या दिवशी ही बघून आली. म्हणजे बारावा, तेरावा दिवस हिला ठाऊक होते. आम्हाला नव्हते. आम्ही त्या दिवशी जेवलो असू, चार दिवसांनंतर हसलोही असू.

"तेराव्याला काय केलासा?" मी विचारलं.

तिला आठवावं लागलं नाही. "पद्मीचा ताप उतरत नव्हता की. मी तिला घिऊन दवाखान्यात गेलतो. येताना जरा घाटावर बसलो."

"रडलासा?"

"घाटावर कसं रडायचं? वळखीची माणसं असत्यात. आनि घरात तर सोयच न्हवती."

तिनं हे गाऱ्हाणं म्हणून सांगितलं नाही. जागा नव्हती एवढंच सांगितलं. माझा राग तेव्हा गेला असं नाही, तो पुढंही कितीतरी दिवस येऊन-जाऊन होता. पण बसून राहवेना. दादासाठी मी कधी रडले नव्हते, कारण तो यायचा होता. वहिनी रडली नव्हती, कारण तो यायचा नव्हता हे तिला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. एका माणसामागं आम्ही दोघी बिनरडलेल्या राहिलो होतो.

आमच्याकडे असं मानतात की माणूस गेल्याची बातमी फार उशिरा कानावर आली तर ऐकणाऱ्यानं अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं. तेवढ्यानं सुतक फिटतं. पुढची कामं करायला मोकळीक मिळते. सोलापूरच्या आत्याची बातमी सहा महिन्यांनी आली तेव्हा आईनं हेच केलं होतं आणि ओल्या केसांनीच भाकऱ्या थापायला बसली होती. मी एरवी हे फारसं काही पाळत नाही. पण तासाभरात ज्या घरात हळद लागायची, त्या घरात भावाला निरोप द्यायचा दुसरा रस्ता मला सुचला नाही.

मी न्हाणीत जाऊन पाटावर बसले, नव्या पातळासकट. म्हटलं, "पाणी घाला."

वहिनीला सांगावं लागलं नाही. तिनं बंबातलं पाणी बादलीत घेतलं, विसणाचं गार पाणी घातलं, हात घालून बघितलं आणि पहिला तांब्या माझ्या डोक्यावर ओतला. न्हाणीचं दार तिनं लावून घेतलं होतं आणि पितळी घंगाळात नळ मोठा सोडला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी रडले. दादा, दादा म्हणत रडले. ती तांब्यामागून तांब्या ओतत राहिली, एका हातानं माझ्या कपाळावर आडवा पंजा धरून, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून लहान पोरांना धरतात तसा.

मग मी उठले, तिच्या हातातला तांब्या घेतला आणि तिला पाटावर बसवलं. पहिल्या दोन तांब्यांना ती ताठ बसून होती. तिसऱ्याला तिची मान खाली गेली. कुंकू विरघळून नाकावरून ओघळलं, मी ते अंगठ्यानं पुसलं. तिनं कोणाचं नाव घेतलं नाही. गुडघ्यांत तोंड घालून तिनं जो आवाज काढला तो मी प्रसूतिगृहात तिला डबा द्यायला जायची तेव्हा खोल्यांतून ऐकला होता. मी घंगाळावरचा नळ आणखी सोडला.

दारावर थाप पडली. आक्का होत्या. "अगं, सकाळधरनं किती अंघोळी? मुहूर्त टळतोय की."

"आलो," मी आतून म्हटलं.

साड्या बदलून आम्ही मांडवात आलो तेव्हा सगळं मांडून तयार होतं. पद्मजा पाटावर बसली होती. उखळाभोवती चौघी मुसळ धरून उभ्या होत्या. वहिनीला मामी म्हणून घेतलेलं मोतिया रंगाचं पातळ तिनं नेसलं होतं. केसांतून पाणी गळत होतं आणि कपाळ मोकळं होतं. तिला तसं कोणीच कधी बघितलं नव्हतं. मीनाबाईंची नजर कपाळाकडे गेली आणि लगेच खाली उतरली. आक्कांना मात्र वाटलं घाईत राहिलं. त्यांनी एका हातानं करंडा उचलला.

"शेवंताबाई, कुंकू ऱ्हायलं की तुमचं."

"ऱ्हायलं न्हाय, आक्का," वहिनी म्हणाली. "मालक पासष्ट सालीच गेलं. मला ठावं हुतं. मी बोललो न्हाय." कुठल्या खाटेवरच्या बाईला मुलगा झाला आणि कुठल्या बाईला मुलगी हे सांगायचा तिचा जो आवाज होता, त्याच आवाजात तिनं हे सांगितलं. मग पुढं म्हणाली, "पाचवी कुणाला तरी घ्या. मी सूप धरतो."

आक्कांनी करंड्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्याच माझ्याकडे बघत होत्या. मुलीची आई मी होते, घर माझं होतं, आणि गेलेला माणूसही माझाच होता.

मी म्हटलं, "वहिनी, खोट्या कपाळानं हात लावणार न्हाय म्हणालासा. आता खोटं काय ऱ्हायलंय? धरा मुसळ."

ती जागची हलली नाही. तिनं आक्कांकडे बघितलं.

"मामी, धर की गं," पद्मजा पाटावरून म्हणाली. "माझ्या पायांला मुंग्या आल्या."

आक्कांनी पद्मजाकडे बघितलं, मग वहिनीच्या मोकळ्या कपाळाकडे. मग नेहमीच्या मोठ्या आवाजात, कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "कागलकरांनी काय इचारलं तर माझ्याकडं धाडा," आणि मुसळावरचा आपला हात वीतभर वर सरकवला. खाली एका हाताची जागा झाली. वहिनी पुढं आली. तिनं आधी पदराला तळवा पुसला, मग त्या जागी मुसळ धरलं.

हळकुंड पहिल्या घावाला फुटत नाही, मुसळाखालून निसटतं. दुसऱ्या घावाला एक उडून बाहेर पडलं. मी वाकून ते उचललं. वहिनीच्या केसांतलं पाणी उखळात टपटपत होतं, मी वाकले तसं माझ्याही केसांतलं पडायला लागलं.

"केस तरी पुसा गं दोघींनी," आक्का म्हणाल्या. "हळद भिजाय लागलीया."

"भिजू दे," मी म्हटलं आणि हळकुंड परत उखळात टाकलं.